वाणात दिलेला खेळाडू

"वाण वापस मांगते का वो कोनी? कोन्या गावची रीत हाय हे?"

"वाण नव्हतं ते. चुकून गेलं."

"चुकून? काकी, तुम्ही सोताच्या हातानं हळद-कुंकू लावून देल्लं न बाप्पा! मंग चुकून कसं?"

ही सुशीला. आमच्या कारध्यात शिलाई मशीन चालवते, आणि जीभ त्या मशीनपेक्षा जोरात. खरं म्हणजे माझं भांडण तिच्याशी नव्हतंच. माझं मागणं होतं जनाबाईकडे. पण जनाबाई आमच्या सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबाला टेकून गप्प बसली होती आणि तिची वकिली सुशीला करत होती. तीही न विचारता! आणि हे सगळं कशावरून? तर अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या एका पोराच्या पत्त्याएवढ्या फोटोवरून.

आमच्या सपरीतले किस्से धानाच्या बांध्यांसारखे आहेत. वरची बांधी भरली की पाणी आपोआप खालच्या बांधीत उतरतं. मधूनच कुणी विचारलं, "हे पाणी आलं कुठून?" तर सांगता येत नाही. म्हणून वरून सुरुवात करते.

*

माझी लेक सुनंदा अमेरिकेत असते. तिची मुलगी ओवी. ओवीला तिकडच्या एका बेसबॉल टीमचं वेड. त्या टीमच्या खेळाडूंची कार्डं मिळतात, पुढे फोटो, मागे माहिती. ती जमवायची, फायलीत लावायची, एकही कमी पडू द्यायचं नाही, असा तो छंद. ओवीने मनातच ठरवलं, "आजी आणि मी दोघी मिळून जमवू. फाईल आजीकडे." आणि पहिलं पाकीट धाडलं.

मला आधी काहीच कळवलं नव्हतं. दुपारी सपरीत बाया बसलेल्या, मी पाकीट फोडलं, तर आतून धडाधड तरणी पोरं बाहेर पडली! टोप्या घातलेली, दात दाखवणारी.

मी चौथी पास. इंग्रजी मी खताच्या पोत्यांवरून आणि औषधाच्या डब्यांवरून एकटीने शिकले. शिकवायला कुणी आलं नाही, आणि आलं असतं तर मी बसले नसते. कार्ड उलटं करून वाचलं. उंची. वजन. जन्मतारीख. जन्मगाव.

सुशीलाने तोंडावर हात ठेवला. "माय वो! ओवीसाठी इतकी स्थळं? एकदमच?"

मलाही तसंच वाटलं. कुणालाही वाटेल! उंची-वजन छापलेला पोराचा फोटो आमच्याकडे दुसऱ्या कशासाठी येतो? आम्ही सगळ्या मिळून बघायला बसलो. हा उंच आहे, हा जरा वयाने मोठा वाटतो, याचे डोळे बरे आहेत. खाली लिहिलेलं : मारतो डाव्या हाताने, फेकतो उजव्या हाताने.

"सगळं लिवलं," सुशीला म्हणाली, "जेवते कोन्या हातानं अना धानाची बांधी किती, हेच नाही लिवलं!"

ओवी अजून शाळकरी पोर. मी रात्री सुनंदाला फोन करून चांगली झापली, "एवढ्या लहान पोरीचं लग्न काढता, लाज नाही वाटत?" सुनंदा हसायची थांबेना. मी फोन ठेवून दिला.

*

मग ओवीने खेळ समजावला. रविवारी व्हिडिओ कॉल, मधल्या स्टुलावर मोबाईल, भोवती आम्ही.

मला तो खेळ अजून नीट कळलेला नाही, आणि हे मी ताठ मानेने सांगते. चेंडू मारल्यावर तो माणूस बॅट फेकून देऊन पळतो! आपल्याकडे दांडू टाकून पळाला असता तर दुसऱ्या पोराने तो घेऊन घर गाठलं असतं. शिवाय सगळे मैदानभर थुंकतात.

"हे बी तंबाखूचा खर्रा खातेत का वो?" सुशीलाने विचारलं.

"नाही मावशी, सूर्यफुलाच्या बिया," ओवी म्हणाली.

"तं मंग आमच्या यायले काहून नावं ठेवतेत सारे?"

ओवी सांगत होती : जिथून मारतो ती जागा म्हणजे घर. तिथून निघायचं, गोल फिरायचं, आणि पुन्हा घरी पोचलं की एक रन.

एवढ्यात जनाबाई बोलली! ही मोठी गोष्ट. जनाबाई पोरीच्या वयापासून माझी मैत्रीण, पण ती एवढं कमी बोलते की गावातल्या नव्या सुना तिला मुकीच समजतात. नवरा गेला, एक पोरगा सुरतला, एक हैदराबादला. घरात ती आणि तिचे वाटी-पेले.

तिने विचारलं, "म्हंजे फिरला कितीबी, घरी वापस आला तवाच मोजतेत?"

"हो आजी."

"अना रस्त्यातच राह्यला तं?"

"तर काही नाही."

जनाबाईने मान हलवली. "बराबर हाय," म्हणाली आणि उठून गेली. आम्हा बाकीच्यांना जे कळलं नाही, ते तिला एका मिनिटात कळलं!

*

टीमचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या तोंडून नाव निघालं की टीम हरते. तीनदा ताडून पाहिलंय.

गंमत म्हणजे, नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे मी कधी मानलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच बाजारात मी सगळ्यांसमोर "दामोदर, इकडं ये!" अशी हाक मारली होती. सासू चार दिवस जेवली नव्हती.

हे आमच्या दामोदरपंतांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "त्या टीमचं नाव नाही घेत तं ते जितते. माहं जनमभर घेत आली. आता समजलं मी कधीच काहून नाही जितलो!"

*

आता संक्रांत. आमच्याकडे वाणात काय देतात? प्लास्टिकच्या वाट्या, चहाच्या गाळण्या. गावात कुणाच्याही घरी जा, माणसांपेक्षा गाळण्या जास्त! मी ठरवलं, यंदा असं वाण द्यायचं की जिल्ह्यात कुणी दिलं नसेल.

ओवीच्या पाकिटांत डबल कार्डं पुष्कळ येत. तोच माणूस, दोनदा. मी डबल बाजूला काढली, आणि हळद-कुंकू लावून तिळगुळाबरोबर एकेका बाईला एकेक खेळाडू दिला. सुशीलाने तिचा खेळाडू घडी घालून मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली घातला. म्हणते, "मजबूत हाय पोट्टा, मशीन हालत नाही!"

विधवेला वाण देत नाहीत, हेही मी कधी मानलं नाही. जनाबाईने तिचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, बघितलं, कमरेच्या बटव्यात ठेवलं.

*

पावसाळ्यात वैनगंगा चढली की कारध्यातल्या माणसाची झोप उडते. एकदा पुराचं पाणी आमच्या घरात येऊन गेलं. तेव्हापासून आमच्याकडे जे जे कागदाचं आहे ते लॅमिनेट! आधार, राशन, सुनंदाची लग्नपत्रिका, सगळं.

मग टीम काय उघड्यावर ठेवायची? पूल ओलांडून भंडाऱ्याला गेले, आणि अख्खी टीम लॅमिनेट करून आणली. दुकानदाराने विचारलं, "आजी, हे कोन हाय?"

"आमच्याच घरचे," मी म्हटलं.

रविवारी ओवीला कौतुकाने दाखवली. कशी चकचकीत! ओवीचा चेहरा पांढरा पडला. "आजी! हे काय केलंस? असं नसतं करायचं! कार्ड मेलं ना ते!"

"मेलं कसं? आता तर अमर झालं! पूर येऊ दे का भूकंप!"

पोरगी रडकुंडीला आली. तिकडे म्हणे कार्ड कंपनीतून निघालं तसंच ठेवावं लागतं, प्लास्टिकच्या खिशात, हात न लावता. ज्याला हात लावायचा नाही ते जमवायचं कशाला, हे मला अजून समजलेलं नाही. रडता रडता तिने विचारलं, "आपल्या कॅप्टनचं पहिल्या वर्षाचं कार्ड तरी नाही ना लॅमिनेट केलंस? तो बारीक होता तेव्हाचं? माझं सगळ्यात आवडतं आहे ते."

"नाही केलं," तिचं रडं थांबावं म्हणून मी म्हटलं. नंतर ते एकदम खरंच निघालं.

"नक्की? मग सांभाळ. दिवाळीला येते तेव्हा तेच आधी बघणार."

फोन ठेवला आणि फाईल उघडली. कॅप्टन होता. दाढीवाला, गालांनी भरलेला. मग लख्खकन आठवलं. कॅप्टनचीही दोन कार्डं होती : एक हे, आणि एक कोवळ्या, बिनदाढीच्या पोराचं. नाव एकच, म्हणून मी डबल समजले. आणि भरलेला चेहरा बरा दिसतो म्हणून हा ठेवून, तो बारीक पोरगा वाणात दिला. जनाबाईला!

चूक माझी म्हणत असाल तर म्हणा. एकाच माणसाची दोन वयं कोण विकतं?

*

लगेच मागायला गेले नाही. वाण परत मागायचं म्हणजे जीभ उचलत नव्हती. त्यात पोळा झाल्यावर सुशीलाने भलतीच बातमी आणली. तिच्या आणि जनाबाईच्या घराची भिंत एकच.

"काकी, जनाबाईकडं कोन आलं हो? सांजच्याले बोलन्याचा आवाज येते."

"टीव्ही असेल."

"टीव्ही तं कवाचा बंद पडला. अना बोलते ते जनाबाईच! आज वांग्याची भाजी केली म्हने, थंडी वाजत असन तं सांग म्हने."

"पोरगा आला असेल सुरतहून."

"येता तं दिसता नाही का? चप्पल तं तिचीच एकटी राह्यते दाराशी."

आम्ही डोकं खाजवलं. जनाबाईला विचारलं तर ती पदराने तोंड पुसून हसली.

*

तर दिवाळी तोंडावर आली आणि मी सपरीत कार्ड मागितलं. बदल्यात दोन खेळाडू देते म्हटलं. तीन देते म्हटलं. वर स्टीलचा डबा.

"वाण म्हंजे वाण!" सुशीला ओरडली. "उद्या देल्लेली गाळणी बी वापस मांगान तुम्ही!"

"तू मधे पडू नको! माझी नात सात समुद्र ओलांडून येते आहे. फाईल उघडल्यावर रिकामा खिसा दाखवू तिला?"

"मंग तवा काहून देल्लं?"

"बाई, ते माझं आहे!"

"देल्लं तवाच तुमचं राह्यलं नाही!"

जनाबाई उठली. घरी गेली. परत आली ती मुठीत रुमाल घेऊन. रुमाल उलगडला. कार्डाच्या एका कोपऱ्याला खोबरेल तेलाचं बोट लागलेलं, फोटोतल्या पोराच्या कपाळावर कुंकवाचा बारीक ठिपका. तिने ते माझ्या हातावर ठेवलं. मी फाईल उघडली आणि त्याला रिकाम्या खिशात सरकवलं. बरोब्बर बसलं.

जनाबाईने वाकून प्लास्टिकमधल्या त्या पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ठेव मथुरा, तुहाच हाय. पन फायलीत याच्यासंग बोलंल कोन?"