न भिजवलेली मेथी

लग्न होऊन मी धरमपेठेतल्या घरात आले ते सत्तरच्या सुमारास. स्वयंपाक जमिनीवर बसून, पाणी आवारातल्या नळावरून. दोन्ही कामं मोठ्या जाऊकडे. चाळिशीतच तिचे गुडघे गेले होते. चुलीपुढून उठताना ती आधी भिंत धरायची, मग दात आवळायची. मी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून तिच्या गुडघ्यांना बांधत असे. तो निवायच्या आत तिला कुणाची तरी हाक यायची.

थंडीत सासूबाई म्हणाल्या, "मोठीसाठी मेथी-डिंकाचे लाडू करा. लय दुखून राहिले तिचे गुडघे."

डिंक तळला, खारीक कुटली ती जाऊनेच, त्याच गुडघ्यांवर बसून. डबा गेला सासूबाईंच्या खोलीत. रोज सकाळी दुधाबरोबर एक लाडू सासऱ्यांना, एक जाऊच्या नवऱ्याला, एक माझ्या. पंधरा दिवसांत डबा संपला. जाऊला मिळाला तळाचा चुरा.

मी जाब विचारला. सासूबाई म्हणाल्या, "माणसं दिवसभर ऑफिसात बसतात वं, कंबर धरते त्यायची. तिले काय, ते घरीच तर राह्यते."

"जाऊ दे वं," परात घासता घासता जाऊ मला म्हणाली. मला दोघींचाही संताप आला. जाऊचा जास्त. तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या खेपेचे लाडू मी एकटीनं केले. मेथीचं पीठ आठवडाभर तुपात भिजवलं की कडूपणा कमी होतो. मी भिजवलं नाही. मेथी दुप्पट घेतली, गूळ निम्मा.

सकाळी सासरे पहिला घास अंगणात जाऊन थुंकले. "हे काय लाडू होय? म्हशीले घाला!" दोघा भावांनी ताटल्या सरकवल्या.

"तुया मायनं हेच शिकवलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," म्हणून मी डबा उचलला आणि स्वयंपाकघरात आणून ठेवला.

जाऊनं डोळे मिटून लाडू खाल्ला. "काहून वं इतके कडू केले?"

"गोड असते तर तुम्हाले भेटले असते का, बाई?"

 तिनं रोज एक खाल्ला, मी समोर उभी राहून खायला लावला. गुडघे काही बरे झाले नाहीत. नळ आवारातच होता आणि चूल जमिनीवरच. उठताना दात आवळणं थोडं कमी झालं, इतकंच.

पुढच्या थंडीत तिनं हळूच विचारलं, "यंदा थोडी भिजवू का वं मेथी?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.