चुकत नाही, म्हणून येत नाही

आमच्या आयटीआयच्या स्टाफरूममध्ये चहाला उशीर झाला की सुर्वे मॅडमचे किस्से निघतात. मॅडम आमच्या प्राचार्य. गेल्या वर्षी बदली होऊन रत्नागिरीतून गेल्या. किस्से मात्र इथेच राहिले, आणि दर चहाला त्यात एखादी भर पडते. मी वेल्डिंग शिकवतो. माझ्या वाट्याचे सांगतो.

मी नवीन लागलो तेव्हा मॅडम रोज सकाळी माझ्या वर्कशॉपमध्ये हजर. "आधी गॉगल, मग होल्डर." "त्याच्या पायात चप्पल कशी?" मला वाटायचं, एवढा विश्वास नाही तर ठेवलंय कशाला? दुसऱ्या वर्षी त्यांनी येणंच बंद केलं. मला आणखी धास्ती. केबिनमध्ये जाऊन विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

फाईलमधून मान वर न करता म्हणाल्या, "चुकत नाही, म्हणून येत नाही."

*

फिटरचे शिर्के सर निवृत्तीला आलेले. कम्प्युटरवर चालणारं नवं लेथ मशीन येणार म्हटल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "मी हात लावणार नाही." आम्हाला वाटलं, आता मेमो निघणार. मॅडम म्हणाल्या, "नका लावू. फक्त ते बसवायचं कुठे तेवढं सांगा. या शेडची जमीन तुमच्याइतकी कुणाला ठाऊक आहे?"

सरांनी जागा निवडली. जमीन लेव्हलमध्ये नाही म्हणून पाया करून घेतला. कंपनीचा माणूस घाईत शिकवतो म्हणून त्याला थांबवून थांबवून स्वतः शिकले. पुढे पुढे तर मॅडम राऊंडला आल्या की सर लांबूनच सांगायचे, "मॅडम, हात लावू नका."

*

भाट्ये गावची एक मुलगी डिझेल मेकॅनिकला होती. तिचे वडील मच्छीमार. एक दिवस तावातावाने आले. "पोरीचं नाव काढा. इंजिनाचं काम बायलीचं नाय."

मॅडमनी वाद घातला नाही. "काढू या. आधी चहा घेऊ," म्हणून त्यांना थेट वर्कशॉपमध्येच नेलं. पोर इंजिन खोलून बसलेली. वडील तिच्या हातांकडे बघत जवळ गेले. मग पुढे वाकून म्हणाले, "पाना असा नाय धरायचा गो, हात सुटंल." नंतर बाप-लेक दोघंही काळ्या हातांनी जेवायच्या सुट्टीपर्यंत तिथेच.

जाताना मॅडमनी विचारलं, "दाखला तयार करू?"

"तो ऱ्हावंदे. बोटीचं इंजिन धूर टाकतंय, ता हिला दाखवीन म्हणतो."

*

एरवी मॅडम प्रत्येक गोष्टीत "तुम्हाला काय वाटतं?" विचारायच्या. इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये पॅनेल पेटलं त्या दिवशी कुणाला काही विचारलं नाही. "मेन बंद. सगळे बाहेर. मुलं मोजा." कुणाला इजा झाली नाही.

वायर चुकीची जोडली होती नव्याने लागलेल्या मयेकरने. नोकरी गेली असं धरून तो केबिनबाहेर बसलेला. मॅडम बाहेर आल्या. "उद्या सुरक्षेचा तास तुम्ही घ्यायचा."

"मी काय सांगणार, मॅडम?"

"आज काय झालं ते."

मयेकर तो तास दर वर्षी घेतो. घेऊन झाला की मॅडमना फोन करतो.

*

वादळात पाली गावाकडच्या एका प्राथमिक शाळेचे पत्रे उडाले. पोरं आंब्याखाली बसत होती. मॅडमनी आमची एक तुकडी घेऊन तिथे जायचं ठरवलं. निघताना फिटरच्या ट्रेनी श्रद्धाला म्हणाल्या, "काम तुझ्या हाताखाली." श्रद्धा म्हणजे वर्गात हजेरीसुद्धा ऐकू येणार नाही अशी मुलगी.

दुपारी श्रद्धा वर लोखंडी सांगाड्यावर बसून बोल्ट आवळत होती. खालून हत्यारं देणारा पाणी प्यायला गेलेला. खाली न बघताच तिने हात खाली केला आणि ओरडली, "ए, पाना दे की! झोपलास काय?"

खाली मॅडम उभ्या होत्या. श्रद्धाने खाली पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

मॅडमनी पेटीत हात घातला, दोन मापांचे पाने काढले आणि मान वर करून विचारलं, "बारा-तेरा की चौदा-पंधरा?"