ओल्या वाळूतलं मडकं

मिरजेहून निघाले त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती आणि आई परातीतल्या वाळूवर पाणी शिंपडत होती. वाळूत छोटं मडकं, मडक्यात बाबांच्या इन्शुलिनची बाटली. आमच्याकडे फ्रीज नव्हता, आणि असता तरी वीज कुठे टिकत होती! मी पाया पडले तेव्हा आई एवढंच म्हणाली, "इथली काळजी करू नकोस. मिरजेत दगड भिरकावला तर डॉक्टरलाच लागतो."

नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. गल्फमध्ये, देऱ्यातल्या एका क्लिनिकात मी लॅब टेक्निशियन झाले. तिथली नर्स नादिया, पॅलेस्टाईनमधल्या नाब्लूसची. तिच्या आईलाही डायबेटिस. दोघींच्या घरी साखर, त्यामुळे आमचं लगेच जमलं. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या डब्यातली भाकरी खायची आणि बाबांची शुगर विचारायची.

पुढे दोन हजारनंतर नाब्लूसला वेढा पडला. संचारबंदी लागली, वीज गेली. फ्रीजमध्ये इन्शुलिन खराब होईल म्हणून नादिया रडकुंडीला आली, तेव्हा मी तिला आईचं मडकं समजावून सांगितलं. तिने ते फोनवर तिच्या आईला सांगितलं. मातीचं भांडं त्यांच्याकडेही होतंच. वाळू शेजाऱ्याने दिली. मला उगाच मोठं काही केल्यासारखं वाटलं.

मग बाटलीच संपत आली. औषधाचं दुकान त्यांच्या मागच्याच गल्लीत होतं. शेजारी आणायला निघाला तर सैनिकांनी बंदूक रोखून परत पाठवला. ॲम्ब्युलन्सही सैनिकांच्या तपासणी नाक्यावरून मागे फिरली. इकडे आमच्या क्लिनिकचा फ्रीज इन्शुलिनने भरलेला, आणि नादिया दिवसभर परक्यांना ते टोचायची. गल्फमध्ये आपल्या लोकांची रीतच आहे, गावी जाणाऱ्याच्या बॅगेत सगळ्यांची पुडकी. मी सवयीने विचारलं, "तिकडे जाणारं कोणी नाही का?" ती पुढच्या पेशंटची सिरिंज भरू लागली. त्या वेढ्यात कोण जाणार! लढाई कोणाची का असेना, औषधाला तरी वाट द्यावी. यापलीकडे मागण्याचीही ताकद आमच्यात उरली नव्हती.

एका दुपारी फोन ठेवून ती म्हणाली, "आई म्हणते, मडकं छान गार आहे. आत ठेवायला काही नाही. खलास."

त्याच आठवड्यात तिची आई गेली. नादियाला मातीलाही जाता आलं नाही.

मी उन्हाळ्यात सुट्टीवर घरी आले. आता फ्रीज होता, तरी बाबांची बाटली मडक्यातच. आईचा फ्रीजवर विश्वास नाही. बाबा म्हणाले, "इन्शुलिन संपलंय, कोपऱ्यावरून घेऊन ये." इतकी वर्षं मला कोणी विचारलं की घर म्हणजे काय, तर मी आईच्या हातचं काहीबाही सांगायचे. त्या दिवशी चपला घातल्या, कोपऱ्यावर गेले, बाटली घेतली आणि परत आले. वाटेत मला कोणीही अडवलं नाही.