धुमेची कणीक

एसटीत खिडकीची जागा मिळाली की मी लगेच कानात इअरफोनची दोन्ही बोंडं घालते आणि डोळे मिटते. कळंबहून भूमकडं जाताना गाणं वाजत असतं, बाहेर ज्वारी मागं सरकत असते आणि मी ना धड जागी ना धड झोपलेली. गावं येतात, जातात. कुणी तिकीट विचारलं तरी ते दुसऱ्याच कुणाला विचारलंय असं वाटतं. त्यापेक्षा मोठं सुख मला अजून सापडलेलं न्हाय.

म्हणून वडलांसाठी गाणी ऐकायचं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा मी माझ्या सुखाचाच विचार केला. मोबाइल त्यांच्या जाड बोटांचं ऐकत नव्हता. गाणं लावायला गेले की भलत्यालाच फोन लागायचा. मी कळंबच्या दुकानात चार यंत्रं कानाला लावून पाहिली. स्वस्तातलंच, पण आवाजाला स्वच्छ असं काडेपेटीएवढं एक निवडलं. दोनच बटणं, कानात घालायच्या दोन वायरी. दुकानदारानं चिपमध्ये भजनं भरून दिली, त्यात पखवाजाची लई होती.

पखवाज म्हणजे दादांचा जीव. दादा म्हणजे माझे वडील. गावच्या भजनात ते कळत्या वयापासून वाजवतात. बसायच्या आधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, भिजवलेल्या कणकेचा गोळा थापायचा. तो नेमका बसला की आवाज पोटातून येतो. आई रोज पोळ्यांच्या कणकेतून तेवढा गोळा वेगळा काढते, देवाच्या नैवेद्यासारखा.

यंत्र घेऊन दादा लिंबाखाली बसले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा काही सैल झाला की मला वाटलं, जमलं बाई! मी खुशीत कळंबला नोकरीवर परतले.

महिन्यानं गावी आले तर पखवाज गवसणीत घालून खुंटीला टांगलेला.

"हे काय गं?" मी आईला विचारलं.

"इचार तुझ्या बापाला. कणीक दुप्पट, तिप्पट लावायलेत. पखवाज नुसता भद्भद वाजतोय. परवा भजनातून मधीच उठून आले. म्हणत्यात, आता जाणार न्हाय."

मी तणतणत लिंबाखाली गेले. "दादा, काय खूळ हे? वाजवायचं सोडलं म्हणे तुम्ही?"

दादा हळू म्हणाले, "माय, धूम गेली माझी. यंत्रात एवढाले वाजवणारे हायेत, पण मला नुसती टणटण ऐकू येती. धूम येतच न्हाय. कानातून गेली म्हणल्यावर हातातनं बी जाणारच की. म्हणून कणीक वाढवत गेलो."

माझा राग तिथंच विरला. ते बोलत होते तेव्हा उजव्या कानात एक बोंड होतं आणि दुसरं छातीवर लोंबत होतं. मी त्यांचं यंत्र घेऊन त्यांच्यासारखंच लावून पाहिलं. खरंच, नुसती टणटण. मग छातीवरचं बोंड डाव्या कानात घातलं, आणि धूम अशी घुमली की अंगावर काटा आला. पखवाजाचं एक तोंड एका कानात, दुसरं तोंड दुसऱ्या कानात वाटून दिलेलं होतं.

"दादा, दुसरं का न्हाय घालत?"

"डावा कवाच गेला गं. तू शाळेत असताना."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला कशाला? एका कानाच्या वाजवणाऱ्याला कोण बसू देतंय भजनात? कुणालाच म्हाईत न्हाय."

मला एकदम रडू आलं. त्यांच्या धुमेला काही झालं नव्हतं, मीच ती त्यांच्या मेलेल्या कानात नेऊन ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी भूमचा बाजार होता. बाया खुरपायला गेल्या की झाडाला अडकवतात तसला एकच भोंगा असलेला गाण्यांचा डबा मी तिथून आणला. आधीच्या यंत्रापेक्षाही स्वस्त, आवाजाला जरा चिरका. पण त्यात सगळं एकाच तोंडातून बाहेर पडतं. चिप घालून तो दादांसमोर ठेवला. पहिली थाप पडली आणि दादांनी मान वर केली.

"आली!" ते म्हणाले. "आगं, आली की गं!"

त्यांनी आईकडं गोळा मागितला. आईनं दिला तो नेहमीएवढाच.

सांजच्या भजनाला मीही गेले. गाणारे काका, दादांचे लहानपणचे सोबती, दादांच्या रिकाम्या जागेच्या डावीकडं पेटी मांडून बसले होते. दादा देवळात शिरले तसे काका उठले, पेटी उचलली आणि मुकाट्यानं दादांच्या उजव्या अंगाला येऊन बसले. टाळकरीही एकेक करून तिकडंच सरकले. कुणी कुणाला खूणसुद्धा केली नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं तर! धूम घुमायला लागली, समईचा उजेड हलायला लागला आणि मला वाटलं, मी एसटीतच आहे, डोळे मिटून.

घरी जाताना दादांनी नेहमीसारखी पिशवी उजव्या हातात घेतली. लहानपणापासून मी त्यांचा डावा हात धरूनच चालत आलेय. शाळेतलं, नोकरीतलं, मनातलं, जे काय असेल ते त्याच वाटेवर त्यांना सांगायची, आणि ते सगळ्याला "हं, हं" म्हणायचे. आज मी पिशवी काढून घेतली, त्यांच्या उजवीकडून चालू लागले आणि बोलत राहिले. भोंगा किती घासाघीस करून घेतला, बाजारातून येताना जीप किती भरली होती, असलंच काहीबाही.

देवळापासून जरा पुढं आल्यावर दादा थांबले.

"एवढं बोलतीस व्हय गं तू?" ते म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग."