सावळीरामांचं कोरं पांघरूण

द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांना लागून पत्र्याच्या घरांची एक रांग होती. त्यातल्या चौथ्या घरात वत्सलाबाई राहायच्या. नवरा सावळीराम ओझरला विमानाच्या कारखान्यात, पत्र्यांना रिवेट मारायच्या कामावर. माहेर आणि सासर दोन्ही मखमलाबादकडचं, झेंडू-शेवंतीचं, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचं. लग्नानंतर शहरात आल्यावर जुड्या बांधायच्या राहिल्या आणि हात मोकळे झाले. रिकाम्या हातांचं वत्सलाबाईंना भारी वावडं.

एक्क्याण्णव साली शेजारच्या शिवणक्लासवाल्या मंगलाबाईंनी त्यांच्या हातात क्रोशाची सुई दिली. साखळी कशी घालायची, खांब कसा उचलायचा, दोन दुपारी दाखवलं. महिन्याभरात शिष्या गुरूच्या चुका काढायला लागली. मंगलाबाई म्हणाल्या, "तुम्हाला शिकवलं ते माझंच चुकलं." तेवढं म्हणून रुसल्या, आणि पुढच्याच हिवाळ्यात वत्सलाबाईंनी विणलेलं निळं पांघरूण घेऊन गुमान घरी गेल्या.

मग नात्यागोत्यातला एक माणूस सुटला नाही. बाळंतविडा असो, बारसं असो, कुणाचं ऑपरेशन होऊन घरी येणं असो, वत्सलाबाईंची पिशवी तयार. रंग त्या कुणाला विचारत नसत. माणसाकडे आठ दिवस बघायच्या आणि मेनरोडवरून स्वतःच्या मनाने लोकर आणायच्या. माप घ्यायची रीत मात्र अचाट होती. माणसाला सतरंजीवर सरळ आडवं व्हायला लावायचं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत विती मोजायच्या. वर आणखी एक वीत, तोंडावर ओढून घ्यायला. मोठी नणंद फुलाबाई हे पाहून ओरडायची, "अगं, जित्या माणसाला आडवं पाडून माप घेत्यात का? अवदसा!" वत्सलाबाई ऐकून घ्यायच्या आणि फुलाबाईलाच म्हणायच्या, "आक्का, पाय सरळ करा जरा."

एवढं सगळं गावाला झालं तरी नवऱ्यासाठी काही नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. चौऱ्याण्णवच्या दिवाळीला मात्र त्यांनी मनावर घेतलं. गडद हिरवी लोकर, काठाला पिवळी वेल. तीन महिने खपल्या. पाडव्याला ओवाळल्यावर सावळीरामांनी ताटात साडी ठेवली आणि वत्सलाबाईंनी त्यांच्या मांडीवर पांघरूण. सावळीराम तसे कमी बोलणारे. त्यांनी ते उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं आणि म्हणाले, "लय भारी झालंय." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. त्या रात्री ते डोक्यावरून ओढून झोपलेही.

आठवडा झाला नसेल, पांघरूण गोदरेजच्या कपाटात गेलं. जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधून, सगळ्यात वरच्या खणात.

"का हो, टोचतं का?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"छ्या. चांगलं राहू दे. आपल्या महेशच्या लग्नात काढू."

आपल्याकडे चांगल्या वस्तूंची ही गत नवीन नाही. चांगल्या कपबश्या पाहुण्यांना, चांगली चादर दिवाळीला, आणि घरच्यांनी आयुष्य काढायचं कानतुटक्या कपात. म्हणून वत्सलाबाईंनी पहिलं वर्ष मनाला लावून घेतलं नाही. पण नव्व्याण्णवला मुलाचं, महेशचं लग्न झालं, पाहुण्यांना अंथरुणं कमी पडली, तरी बोचकं काही खाली आलं नाही. सावळीराम जुन्या सोलापुरी चादरीत गुडघे पोटाशी घेऊन झोपत राहिले. दरवर्षी डांबरगोळ्या मात्र स्वतःच्या हाताने बदलायचे, बायकोला हात लावू द्यायचे नाहीत.

लेक भाग्यश्री सटाण्याला दिली होती, कांद्याच्या व्यापाऱ्याकडे. तिच्या पोरीने आजीच्या हातचं पांघरूण कांद्याच्या चाळीत ओढून ओढून मातकट केलं होतं. ते पाहून वत्सलाबाईंचा जीव सुपाएवढा झाला. त्यांना वाटायचं, वस्तू अशी वापरावी, विरावी, फाटावी. घरी आल्या की मात्र नजर कपाटाच्या वरच्या खणाकडे जायची. यांना आवडलंच नाही, एवढंच असेल. तोंडावर कसं सांगणार, म्हणून झाकून ठेवलं. हे शल्य त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोचकंही कधी सोडून पाहिलं नाही. ज्याने ठेवलं त्याने काढावं, ही त्यांची अट. मानी बाई!

दोन हजार पाचच्या जानेवारीत, रिटायर होऊन सहा महिने होत नाहीत तोच, सावळीराम सकाळी दात घासता घासता मोरीत बसले ते उठले नाहीत.

वत्सलाबाई रडल्या नाहीत. डॉक्टर आला, गेला. माणसं जमली. त्यांनी आलेल्यांना सतरंजी दिली, पाण्याचा तांब्या पुढे केला. बायका गळ्यात पडून हंबरडा फोडायच्या आणि त्या बायकांच्या पाठीवरून या हात फिरवायच्या. काही वाटत नव्हतं. जेवण पानात पडलं की जेवायच्या. चव लागत नव्हती, पण पानही टाकलं नाही. कुणी म्हणालं दगड झाली, कुणी म्हणालं धक्का आहे, रडवा तिला. फुलाबाईने समोर बसून भावाच्या लहानपणच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, स्वतः रडून रडून बेजार झाली. वत्सलाबाईंनी तिला चहा करून दिला.

पाचव्या दिवशी त्यांनी सुई हातात घेतली. नुसती साखळी घातली. खांब नाही, ओळ नाही, एकापुढे एक साखळी. दुपारपर्यंत ती खोलीभर झाली. मग टोक ओढून सगळी उसवली, गुंडा केला आणि पुन्हा पहिल्यापासून घातली. सुनेने बघितलं आणि दार लोटून घेतलं. वत्सलाबाईंना त्या साखळीचंही काही वाटत नव्हतं. हात चालत होते म्हणून चालू देत होत्या.

दहावा गोदावरीवर झाला. तेराव्याला शय्यादान ठरलं. गेलेल्याच्या नावाने अंथरूण-पांघरूण, छत्री, चपला, तांब्या-भांडं द्यायचं, सगळं कोरं. फुलाबाईने यादी धरून बाकीचं आणवलं. पांघरुणाशी मात्र अडली, आणि तिची नजर कपाटाकडे गेली.

"वत्सला, ते हिरवं हाय ना. घडी सुदिक मोडली नाय त्यानं. तुझ्या हातचं हाय, त्याच्या मापाचं हाय. इकतचं कशाला? तेच दे, त्याला पोचंल."

महेश म्हणाला, "आत्या, ते राहू द्या. आईला विचारा तरी."

सगळ्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. दहा वर्षं जे टोचत होतं ते आता टोचतही नव्हतं. नको होतं म्हणून पडून राहिलं, पडून राहिलं म्हणून कोरं राहिलं, कोरं आहे म्हणून दानाला चालेल. हिशेब सरळ होता.

"द्या," त्या म्हणाल्या.

तेराव्याला अंगणात मांडव होता. गुरुजींनी गादी घातली, उशी ठेवली, बोचकं पुढे ओढलं. धोतराच्या फडक्याची गाठ इतकी कचकून मारलेली की महेशला दातांनी सोडावी लागली. गुरुजींनी पांघरूण झटकून गादीवर पसरलं आणि मंत्र म्हणता म्हणता थांबले.

मधोमध, छातीवर येईल अशा जागी, तळहाताएवढं काळपट भोक होतं. जळकं. कुणीतरी ते शिवलं होतं. शिवण्याच्या साध्या हिरव्या दोऱ्याने, कडा एकमेकींकडे ओढून. लोकर चुरगळून गोळा झाली होती, पण टाके मात्र रिवेट मारल्यासारखे, एका रेषेत, सारख्या अंतरावर.

"हे कोरं नाही हो," गुरुजी हळूच म्हणाले. "दुसरं आणता येईल का?"

फुलाबाई तोंडावर पदर घेऊन बसली. महेश चपला घालून द्वारकेकडे निघाला. मागे बसलेले चिमाजी उठून पुढे आले. ओझरच्या बसला ते वीस वर्षं सावळीरामांच्या शेजारी बसायचे.

"वहिनी, माझ्यादेखत झालं ते. पाडव्यानंतरची पहिली शिफ्ट. आम्ही द्वारकेला बसची वाट बघत शेकोटी केलती. गडी हे अंगावर घेऊन आला. थंडी कुठली, दाखवायला आणलेलं. एकेकाला हात लावून बघायला लावलं. म्हनला, बायकोनं केलंय, तुमच्यात हाय का कुणाकडं? आन् तेवढ्यात ठिणगी उडाली."

वत्सलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"कॅन्टीनवाल्याकडनं सुई-दोरा घेतला. जेवणाच्या सुट्टीत शिवत बसला. मी म्हनलो, वहिनीला सांग की. तर म्हनला, तीन महिने खपली ती, आन् मी आठ दिवसात जाळलं, कुठल्या तोंडानं सांगू? दर थंडीला म्हनायचा, यंदा सांगतो."

वत्सलाबाई उठल्या. गादीपाशी बसून त्यांनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पांघरूण दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि हार घातलेल्या फोटोकडे वळल्या. त्यांना राग आला होता. तेरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं, आणि ते आवरण्याच्या पलीकडचं होतं.

"दोन तासांचं काम होतं वो!" त्या भर मांडवात ओरडल्या. "सांगायचं तरी! दोन तासांत नीट करून दिलं असतं मी! धा वरसं कुडकुडलात, दोन तासांच्या कामापायी!"

आणि त्या रडायला लागल्या. फुलाबाई धरायला पुढे झाली, तिचा हात त्यांनी झिडकारला. गुरुजींनी पोथी मिटून मांडीवर ठेवली आणि वाट बघत बसले.