मापाच्या पिशव्या

नातीनं छाती वाढवायचं ऑपरेशन करून घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, मला मध्ये घातलं. नात बारामतीत शाळेवर शिकवते. वय सव्वीस, पैसे स्वतःचे, आईबापाचं ऐकेना. सून म्हणाली, "आत्या, तुमी जावा तिच्याबरोबर डॉक्टरकडं आन् वळवून आणा तिला. तुमचंच ऐकती ती." मी हो म्हटलं. शेळगावातून एसटीत बसले तेव्हा मनात तेवढंच होतं.

खरं तर हे काम मला द्यायला नको होतं. मी जन्मभर सपाट. लग्नातली चोळी पुढून मोकळी लोंबत होती. थोरली जाऊ चारचौघींत म्हणायची, "हिची पाठ कुठली आन् पुढा कुठला, ते पदरावरनं वळखायचं." बायका हसायच्या, मीही हसायची. पुढं चार पोरं अंगावर पाजली, दूध कधी कमी पडलं नाही, पण जावेचं तोंड त्यानं बंद झालं नाही.

एकदा मोरगावला देवाला जाताना मी जुन्या लुगड्याच्या दोन गुंडाळ्या करून चोळीत घातल्या. नवरा पुढं चालत होता. त्यानं वळून बघावं एवढीच इच्छा. देवळाच्या पायऱ्या चढताना एक गुंडाळी घसरून पोटावर आली. पदराआडून हात घालून ती काढली, मग दुसरीही काढली आणि दोन्ही पिशवीत कोंबल्या. त्यानं वळून बघितलं, ते "चल की लवकर" म्हणायला. माणूस चांगला होता, कधी टोचून बोलला नाही. पण चांगली दिसतेस असंही कधी म्हणाला नाही. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, आता विचारायची सोय नाही.

डॉक्टर बाई होती. मला वाटलं होतं, गिऱ्हाईक आलं म्हणून गोड बोलेल. तसं झालं नाही. पूर्ण भूल देतात, छातीच्या खालच्या वळीत चिरून आत सिलिकॉनची पिशवी बसवतात, व्रण फिका होतो पण जात नाही, हे तिनं आधीच सांगितलं. पिशवी जन्माला पुरत नाही. ती फाटू शकते, नाहीतर तिच्याभोवतीचं मांस कडक होऊन दुखायला लागतं, मग पुन्हा ऑपरेशन. नुसती काढून टाकली तर कातडी आधीसारखी राहत नाही. काहींची तिथली जाणीव कमी होते, कधी कायमची. नात वहीत लिहून घेत होती.

मी विचारलं, लेकराला पाजता येईल का. बाई म्हणाली, पुष्कळजणींना येतं, काहींना दूध कमी येतं, आधी सांगता येत नाही. पुढं छातीची तपासणी करायची वेळ आली तर आत पिशव्या आहेत हे सांगावं लागतं. मग नातीला म्हणाली, माझ्याकडं करा नाहीतर दुसरीकडं, पण डॉक्टर प्लास्टिक सर्जरी शिकलाय का, अशी किती ऑपरेशनं केलीत, काही बिघडलं तर कोण बघणार, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आज तर काहीच ठरवू नका.

शेवटी किती मोठ्या हव्यात ते बघायला तिनं मापाच्या पिशव्या दिल्या. आतल्या घट्ट बॉडीत घालून वरून ड्रेस चढवायचा आणि आरशात बघायचं. नात पडद्याआडून आली. ही पोर एरवी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून पोक काढून चालते. ती सरळ उभी राहिली आणि बराच वेळ आरशात बघत राहिली.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं गेली तशी मी नातीला म्हटलं, "दे हिकडं."

पडद्यामागं जाऊन ब्लाउजमध्ये घातल्या. गार होत्या, वाटल्या त्यापेक्षा जड. पदर सारखा केला. आरशात मान सुरकुतलेली, दोन दात पडलेली बाई होती आणि पदर मात्र तरण्या बाईसारखा भरलेला होता. बाहेरच्या बाकावर माझा नवरा बसलेला असता, तर मी तशीच बाहेर गेले असते. नात हसायला लागली होती, माझं तोंड बघून थांबली.

नातही दोन दिवस घरी यायला परतीच्या एसटीत माझ्याबरोबर बसली, लासुर्णे येईस्तोवर वहीत लिहिलेलं वाचत होती. मग म्हणाली, "आज्जी, तुझ्या वेळी हे असतं, तर तू केलं असतंस?"

"केलं असतं."

तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"तुझ्या आज्यानं बघावं म्हणून केलं असतं," मी म्हटलं. "आन् त्यानं तरीबी बघितलं नसतं, तर त्या पिशव्या घिऊन काय करायचं हुतं मी? तू कुणी बघावं म्हणून करतीस?"

ती म्हणाली, "कुणी बघायला नको. मीच आरशापुढून मान खाली घालून जाते, तेवढं थांबायला हवं."

"मग चार म्हैने थांब. तवाबी हेच म्हणलीस तर कर."

सुनेला सांगितलं, मला वळवायला जमलं नाही. ती महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

नात थांबली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं केलं. आधी मनात होत्या त्यापेक्षा लहान पिशव्या घेतल्या. पहिले दिवस वाईट गेले. हात वर करायचा नाही, जड उचलायचं नाही, एका बाजूची सूज लवकर उतरेना. मी बारामतीत जाऊन राहिले, तिची वेणी घालायचे. एकदा ती रडली. मी सांगत होते असं म्हणायचा मला हक्कच नव्हता, मी तर कर म्हटलं होतं. उजवीकडं तिला अजून बधिर वाटतं. ते कधी जाईल, डॉक्टरलाही सांगता येत नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिनं नवा ब्लाउज घातला, साडी नेसली आणि मला विचारलं, "कशी दिसते? खरं सांग हं."

मला हेवा वाटला. नातीचा वाटू नये, पण वाटला. "चांगली दिसतीस," मी म्हटलं. बोलायला वेळ लागला म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि मी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं.