भावोजींची नुसती बासरी

“बंद कर रं ती गिरणी! किती भरडशील? आख्खं खालापूर काय आजच जेवाय बसनार हाय?”

अंगणातल्या दगडी गडग्यावर एक पाय रोवून आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रस्त्यापलीकडच्या भाताच्या गिरणीकडे बघून ओरडत होते. आत स्पीकरवरची बासरी त्यांनी ऐन आलापात थांबवली होती, आणि मी वैशाखातल्या दुपारी पंखा बंद केलेल्या खोलीत कुरडईसारखा वाळत पडलो होतो.

शांततेसाठी इतका आरडाओरडा करणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झालेला नाही. भावोजींची उभी हयात खोपोलीच्या एका कारखान्यात बॉयलरशेजारी गेली. तिथल्या आवाजात शेजारच्याला शिवी दिली तरी तो हसून हात हलवायचा. त्या गदारोळातून माणूस बाहेर पडतो तो एक तर कीर्तनात रमतो नाही तर गुत्त्यावर. आमचे भावोजी बासरीत रमले. तीही नुसती. मागे तानपुरा चालेल, तबला अजिबात नाही. “तबला आला की दोघांच्या गप्पा सुरू होतात,” ते म्हणत. “मला एकट्याचं ऐकायचं असतं.”

या एकट्याचं ऐकण्यासाठी घरातल्या बाकी सगळ्यांनी मरून पडायचं. दर रविवारी दुपारी पंखा बंद, फ्रीज बंद, पाहुण्यांचे मोबाइल तांदळाच्या डब्यात. या फ्रीजच्या मौनव्रतात एकदा जावयासाठी आणलेल्या पापलेटांनी असा काही सूर लावला की जावई वरणभात खाऊन परत गेला. ताई बिरड्यासाठी वाल सोलायची, तर सोललेला दाणा ताटलीत पडला की वाजतो म्हणून तिने तो पदरात टाकायचा. शेजारचा कोंबडा यांना बघितलं की आपणहून मान खाली घालायचा. एवढं करून भावोजी ऐकायचे काय, तर श्वास. सूर काय, सगळेच ऐकतात. सुराआधी वादक जो दम घेतो तो ऐकू आला पाहिजे. “माणूस तिथं सापडतो,” हे त्यांचं वाक्य. मी कर्जतहून सहा दिवसांचा शिणवटा घेऊन दर रविवारी तिथे जायचो, डोळे मिटायचो आणि झोपायचो. भावोजींना वाटायचं, मेहुणा तल्लीन होतो. अधूनमधून मी मान हलवत असे, ती डुलकीची.

तर त्या दुपारी त्यांच्या ओरडण्याने गिरणीवाला लुंगी सावरत बाहेर आला. हा बिचारा भावोजींच्या धाकाने रविवारी दुपारी भरडायचंच बंद करून बसे; पोती घेऊन आलेली माणसं चिंचेखाली तंबाखू मळत थांबत. तो गडग्यापाशी आला आणि अदबीने म्हणाला, “काका, गिरनी बंदच हाय. मोटर जळली. काल संध्याकाळीच कर्जतला धाडली.”

भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “घूं घूं चाललंय ते तुला ऐकू येत नाही?” मला माशीसुद्धा ऐकू येत नव्हती. ताई वालाचा पदर तसाच धरून दारात येऊन उभी राहिली. महिनाभर घरातल्या कोणकोणत्या गोष्टींवर त्या आवाजाचा आळ आला होता, तो सगळा तिच्या तोंडावर दिसला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गिरणी कानातच आहे. बॉयलरने आपलं काम इतक्या वर्षांनी पुरं केलं. वरचे बारीक आवाज गेले, ते यायचे नाहीत. घूं घूं मात्र मुक्कामाला राहील. कानाला मशीन मिळालं. ते लावून भावोजी एकदा बासरीला बसले आणि लगेच उठले. “यातून बासरी नाही येत. बासरीची बातमी येते.” आता मशीन ते ताईसाठी लावतात आणि बासरीला काढून ठेवतात. ताईला एवढा मान संसारात पहिल्यांदाच मिळाला.

मला वाटलं, सुटलो. पुढच्या रविवारी भावोजींनी स्पीकर उचलून माझ्या शेजारी ठेवला आणि स्वतः समोर, माझ्या तोंडाकडे बघत बसले. “तू ऐक. वर गेली की हात वर कर.”

आता झोपायची सोय नव्हती. जन्मात पहिल्यांदा मी ती बासरी ऐकली. आधी सूर नव्हताच. चुलीतल्या निखाऱ्यावर कुणी लांबून फुंकर घालावी तसा नुसता वारा. मग त्या वाऱ्याला अंग आलं. खालचा सूर असा, की खुर्चीच्या पाटातून मांडीत चढला. भोकावरून बोट उठलं की ओलं पान सुटावं तेवढा पुसट आवाज. मग ती वर निघाली, बारीक होत होत, इतकी की माझाच श्वास आडवा येईल म्हणून मी तो धरून ठेवला. मी हात वर केला. भावोजींनी डोळे मिटले. हात खाली घेतला, त्यांनी उघडले. काय ऐकू येत होतं त्यांना देव जाणे. पण त्या दुपारी माझा खांदा भरून आला, आणि घामाने सदरा पाठीला चिकटला, तरी हात मी चुकवला नाही.

बासरी संपली.

“शेवटी दम घेतला ना त्यानं? ऐकलास?”

“ऐकला.”

“कसा होता?”

कौतुकाचे दहा शब्द तोंडाशी आले होते, पण मीही थकलो होतो. म्हणालो, “दमलेला वाटला, भावोजी.”

“तिथं तो दमलेलाच असतो,” ते म्हणाले.